आधी विषयशीर्षकं ठरवू, मग तालिका जोडू: पुण्यातल्या ग्रंथालयांना खुलं पत्र

प्रति,
पुणे शहरातल्या सार्वजनिक, महाविद्यालयीन आणि संशोधन ग्रंथालयांचे ग्रंथपाल, कार्यकारी मंडळं व विश्वस्त

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सत्तावीस वर्षं तालिकीकरणाचं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करून त्यांची शोधसूची ठेवण्याचं, काम केलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. शहरातल्या ग्रंथालयांची मिळून एक संयुक्त तालिका असावी, एका ठिकाणी शोधलं की कोणत्या पेठेतल्या कोणत्या कपाटात पुस्तक आहे ते कळावं, ही इच्छा मी नोकरीला लागले तेव्हापासून ऐकते आहे. आता ते जमण्यासारखं आहे. ग्रंथालयाचं काम चालवणारी कोहासारखी मुक्त संगणकप्रणाली फुकट मिळते, बहुतेकांच्या नोंदी संगणकावर आहेत, तरुण ग्रंथपालांना हे काम येतं. म्हणूनच आत्ता लिहिते आहे. माझी विनंती एकच: सगळ्यांच्या नोंदी एका भांड्यात ओतण्याआधी मराठी-इंग्रजी विषयशीर्षकांची, म्हणजे पुस्तक कशाबद्दल आहे ते सांगणाऱ्या ठरलेल्या शब्दांची, एक यादी करा. आणि ती यादी इंग्रजी यादीचं भाषांतर असू नये.

एका दुपारची गोष्ट सांगते. बीडकडची एक मुलगी एम.ए.च्या प्रबंधासाठी १९७२ च्या दुष्काळावरचं वाचन शोधत होती. तिने आमच्या ओपॅकवर, म्हणजे वाचकांसाठीच्या संगणकावरच्या तालिकेत, ‘दुष्काळ’ असा शब्द टाकला. दोन कादंबऱ्या आणि एक अहवाल आला. तिघांच्याही नावात तो शब्द होता, म्हणून आला. “मॅडम, एवढंच आहे का?” असं तिने विचारलं, तेव्हा मला उत्तर देता येईना. कारण एवढंच नाही, हे मला पाठ होतं. इंग्रजी पुस्तकं काही ‘ड्रॉट्स’खाली होती, काही ‘फॅमिन्स’खाली. रोजगार हमीवरची मराठी पुस्तकं, खडी फोडायला गेलेल्या बायकांच्या आठवणी, सुकडीच्या वाटपाबद्दलचे लेख, यांच्या नोंदीत विषयाचा रकाना कोरा होता. त्या संध्याकाळी मी तिला घेऊन कपाटांमधून फिरले आणि एकोणीस पुस्तकं हाताने काढून दिली. मी रजेवर असते तर ती तीन पुस्तकं घेऊन गेली असती.

तो रकाना कोरा का राहतो, हे विश्वस्तांना माहीत नसण्याची शक्यता आहे. इंग्रजी पुस्तक आलं की त्याची तयार नोंद बाहेरून उतरवून घेता येते. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने दिलेली विषयशीर्षकं त्या नोंदीबरोबरच येतात. ते काम त्यांनी १८९८ पासून चालवलं आहे. मराठी पुस्तकाची नोंद उतरवून घ्यायला बहुतेक वेळा कुठे नसतेच. आम्ही लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत लिहितो, वर्गांक (पुस्तकाची विषयवार जागा सांगणारा आकडा) देतो, दाखल नोंदवहीत चढवतो. मग विषय. कोणत्या यादीतून निवडायचा? यादी नाही. मार्चअखेर तीनशे पुस्तकं टेबलावर पडलेली असतात. मग कुणी रकाना सोडून देतं, कुणी ‘मराठी साहित्य’ लिहून पुढे जातं. मीही लिहिलं आहे. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात ८९१.४६ या वर्गांकाखाली सगळं मराठी साहित्य येतं. तोच अर्थ पुन्हा अक्षरांत लिहून वाचकाला काहीही मिळत नाही, हे तेव्हाही कळत होतं.

अशा नोंदी एकत्र केल्या तर काय होईल? एका ग्रंथालयाचं ‘पाककला’, दुसऱ्याचं ‘पाकशास्त्र’, तिसऱ्याचं ‘स्वयंपाक’, आणि उतरवून घेतलेल्या जुन्या नोंदींमधलं ‘कुकरी’, जे खुद्द काँग्रेस ग्रंथालयाने २०१० मध्ये बदलून ‘कुकिंग’ केलं. संयुक्त तालिकेत ही चार वेगळी दारं राहतील आणि प्रत्येक दारामागे एक चतुर्थांश पुस्तकं.

यावर सहज सुचणारा उपाय मी दोन बैठकांत ऐकला आहे: इंग्रजी यादी घ्या, प्रत्येक शब्दाचा मराठी प्रतिशब्द लावा, आता तर यंत्रही एका रात्रीत करून देईल. असं करू नका, एवढं मी हात जोडून सांगते.

पुन्हा दुष्काळच घ्या. इंग्रजीत पाऊस न पडणं वेगळं आणि अन्न न मिळणं वेगळं, त्यांना दोन शीर्षकं आहेत. मराठीत दोन्हीला आपण दुष्काळ म्हणतो. बहात्तर साली पाणी होतं पण धान्य नव्हतं, असं जुनी माणसं सांगतात, तरी तो दुष्काळच. नुसतं पाऊस न पडणं सांगायला ‘अवर्षण’ हा शब्द आहे, पण तो वाचक टाइप करत नाही. आणि अतिवृष्टीने उभं पीक सडलं की त्याला आपण ‘ओला दुष्काळ’ म्हणतो. ‘ड्रॉट’ म्हणजे दुष्काळ असं समीकरण एकदा मांडलं की ओल्या दुष्काळाला जागाच उरत नाही. शेतकरी, तहसीलदार, विधानसभा सगळे हा शब्द रोज वापरतात. तो तालिकेत नसेल तर ती तालिका इथली म्हणता येणार नाही.

कुळकायद्याचंही तसंच. मुंबई राज्याचा कूळवहिवाट कायदा १९४८ चा. त्याबद्दल मराठीत पुस्तकं आहेत, आत्मचरित्रांत प्रकरणं आहेत, घराघरांत भांडणं आहेत. इंग्रजी यादीत ‘लँडलॉर्ड अँड टेनंट’ सापडलं आणि कुणी त्याचं ‘घरमालक व भाडेकरू’ केलं, तर कोकणातलं कूळ सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या भाडेकरूंमध्ये जाऊन बसेल. ‘फार्म टेनन्सी’चं शब्दशः भाषांतर ‘शेती भाडेकरार’ असं होईल. सत्तावीस वर्षांत मला एकाही वाचकाने ‘शेती भाडेकराराचं पुस्तक आहे का’ असं विचारलेलं नाही. ‘कुळकायद्याचं आहे का’, ‘कसेल त्याची जमीन, त्याचं काही आहे का’ असं विचारतात. वकील असो की सातबारा हातात घेऊन आलेला म्हातारा, शब्द हाच.

उलट बाजूही आहे. इंग्रजी यादीत ‘राइस’ एकच. शेतात उभा असतो तो भात, पोत्यात भरला की तांदूळ, ताटात वाढला की पुन्हा भात. ड्यूईचा ६३३.१८ हा वर्गांक पिकाचा आहे. त्या पुस्तकाला ‘तांदूळ’ हे शीर्षक दिलं तर कृषी महाविद्यालयाचा विद्यार्थी ते चुकवणार, कारण तो भातपीक, भातशेती, भातरोग असे शब्द घेऊन येतो. ‘ऑटोबायोग्राफी’ला ‘आत्मचरित्र’ हा प्रतिशब्द बरोबर आहे, पण दलित लेखकांनी जे लिहिलं त्याला त्यांनी आणि समीक्षेने ‘आत्मकथन’, ‘स्वकथन’ म्हटलं, आणि ते विचारपूर्वक म्हटलं. एका माणसाच्या यशाची कथा आणि एका वस्तीची हकिकत यांतला फरक त्या शब्दात आहे. यादीने तो पुसू नये. पोवाडा, बखर, ओवी, वारी, बलुतं यांचं तर विचारूच नका. यांना इंग्रजीत जुळता शब्द शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा मराठी शब्दच शीर्षक म्हणून घ्यावा आणि इंग्रजी बाजूला तोच शब्द ठेवून खाली एका ओळीत अर्थ द्यावा.

जगात हे काम आधी झालेलं आहे. कॅनडात लावाल विद्यापीठाने १९४६ पासून काँग्रेसच्या यादीवरून फ्रेंच यादी घडवली, ती पुढे फ्रान्सच्या यादीचा पाया झाली. कॅलिफोर्नियात १९८४ मध्ये स्पॅनिश-इंग्रजी यादी निघाली. पण मला सगळ्यांत शहाणी वाटते ती स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी आणि ब्रिटन यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी धरलेली वाट. त्यांनी कुणाचीच यादी भाषांतरित केली नाही. इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन याद्या आपापल्या जागी स्वतंत्र ठेवल्या, आणि अर्थ जुळतो तिथे फक्त दुवे बांधले. कुठलीच भाषा दुसरीची सावली झाली नाही.

आपल्याला तेच करायचं आहे. प्रत्येक संकल्पनेला एक क्रमांक. त्या क्रमांकाखाली मराठीचं मान्य शीर्षक, त्याची ‘पाहा’ नोंद असलेले, म्हणजे शोधले की वाचकाला मान्य शीर्षकाकडे नेणारे, इतर शब्द, व्यापक आणि सूक्ष्म शीर्षकं, ‘हेही पाहा’. शेजारी इंग्रजीचं शीर्षक, आणि दोघांमधलं नातं काय ते स्पष्ट लिहिलेलं: तंतोतंत, जवळचं, किंवा इंग्रजीत नाही. मधुमेहासारख्या शब्दाला तंतोतंत लिहून दोन मिनिटांत पुढे जाता येईल, फक्त ‘डायबेटिस’ आणि ‘शुगर’ या शब्दांवरून तिथे पोचता आलं पाहिजे. दुष्काळाला अर्धी दुपार लागेल. लागू द्या. तांत्रिक अडचण नाही. संगणकावर नोंदी ठेवण्याच्या मार्क पद्धतीत मान्य शीर्षकांसाठी वेगळी ‘प्राधिकृत नोंद’ असते; तिच्या १५० क्रमांकाच्या रकान्यात मान्य शीर्षक, ४५० मध्ये ‘पाहा’चे शब्द, ५५० मध्ये संबंधित शीर्षकं आणि ७५० मध्ये दुसऱ्या यादीशी दुवा, अशी सोय आधीपासून आहे. वाचकाने कोणत्याही भाषेत शोधलं तरी दोन्ही भाषांतली पुस्तकं एकत्र समोर यावीत, यासाठीच ती आहे.

सुरुवात कुठून करायची? मिनी सिअर्स या ग्रंथपाल बाईंनी १९२३ मध्ये लहान ग्रंथालयांसाठी विषयशीर्षकांची यादी काढली, ती आजही वापरात आहे. ती त्यांनी मनाने लिहिली नव्हती. नऊ लहान ग्रंथालयांत प्रत्यक्ष वापरात असलेली शीर्षकं गोळा करून त्यांवरून केली. आपल्याकडे नऊ नावं मी बसल्या जागी मोजते. १८४८ पासूनचं पुणे नगर वाचन मंदिर, पुणे मराठी ग्रंथालय, महाराष्ट्र साहित्य परिषद, भारत इतिहास संशोधक मंडळ, भांडारकर संस्था, गोखले अर्थशास्त्र संस्था, डेक्कन कॉलेज, फर्ग्युसन आणि विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय. प्रत्येकाजवळ दुसऱ्याकडे नसलेले शब्द आहेत. मंडळातल्या माणसांना मोडी कागदपत्रांची भाषा येते, वतन आणि सनद, इनाम आणि मोकासा यांत ते गफलत करणार नाहीत. गोखले संस्थेत सहकार आणि शेतीच्या अर्थकारणाचे शब्द. पेठांमधल्या वाचनालयांच्या देवघेव खिडकीवर जे ऐकू येतं, ते तर कुठल्याही कोशात मिळणार नाही.

कच्चा माल भरपूर आहे. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. मराठी विश्वकोशाचा अठरावा खंड परिभाषासंग्रहाचाच आहे. शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० असे दोन खंड आहेत. दीडशे वर्षांत मराठी माणसाने कशाकशावर पुस्तक लिहिलं ते त्यांतून एका नजरेत दिसतं. आपल्या मराठी पुस्तकांना विषय नसला तरी वर्गांक आहे, तोही वाया गेलेला नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी वर्गांकाच्या एकेका अंकावरून शीर्षक काढण्याची साखळी पद्धत शिकवली. आपल्यापैकी अनेकांनी परीक्षेसाठी ती पाठ केली असेल. आता ती खरंच कामाला लावता येईल.

परिभाषा कोश वापरताना एक जपायला हवं. त्यातला शब्द शुद्ध असतो, पण वाचकाच्या तोंडी असेलच असं नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश केला, कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. अमात्य, सेनापती रुजले. तरी किल्ला, दरबार, शिक्का, सरकार हे शब्द गेले नाहीत. मराठीने दोन्ही ठेवले, तसे यादीनेही ठेवावेत. ‘चित्रपट’ मान्य शीर्षक असू दे, ‘सिनेमा’ आणि ‘पिक्चर’ लिहिणाऱ्यालाही ते सापडू दे.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती. माणसांची नावं. जुन्या कार्डांवर ‘अस्पृश्य’, ‘हरिजन’, ‘गुन्हेगार जमाती’ अशी शीर्षकं मी स्वतः पाहिली आहेत. गुन्हेगार जमातींचा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये केला आणि तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण ड्रॉवरमध्ये तो पुढेही कितीतरी वर्षं लागू होता. पारधी समाजातल्या एका विद्यार्थ्याने आपल्याच समाजावरचं पुस्तक त्या कार्डाखाली पाहिलं, तेव्हा मी समोर उभी होते. तो काही बोलला नाही. मी कार्ड बदललं, पण ते आधी बदलायला हवं होतं. यादी करताना ‘भटके-विमुक्त’, ‘दलित’, ‘पारलिंगी’ अशा शीर्षकांचा निर्णय फक्त तालिकाकारांनी घेऊ नये. त्या त्या समाजातले अभ्यासक आणि वाचक बैठकीला बोलवा, त्यांचं म्हणणं शेवटचं माना. जुना शब्द शोधणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासकाला पुस्तकापर्यंत पोचता यावं म्हणून तो ‘पाहा’ नोंदीत राहील. मान्य शीर्षक म्हणून राहणार नाही. त्या कायद्यावरच्या पुस्तकाला कायद्याचं नाव असेल, माणसांवरच्या पुस्तकाला माणसांनी स्वतःसाठी घेतलेलं नाव.

लेखनाचे नियम पहिल्याच बैठकीत ठरवून टाका, नंतर वर्षभर पुरतील. पुस्तकी ‘लोकगीते’ घ्यायचं की बोलण्यातलं ‘लोकगीतं’? माझं मत ‘लोकगीते’, कारण कोश आणि शीर्षकपृष्ठं तशीच आहेत. या पत्रात मी बोलते तसं लिहिलं आहे, पण शीर्षक स्थिर हवं. इंग्रजी यादीतली ‘फोक साँग्ज, मराठी’ अशी उलटी रचना नको, ‘मराठी लोकगीते’ असंच सरळ. ‘शेतकऱ्यांच्या आत्महत्या’ या शीर्षकातला ऱ्य संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. डोळ्यांना सारखाच दिसतो, यंत्राला वेगळा वाटतो, आणि अर्धी पुस्तकं अदृश्य होतात. ‘ॲसिड’मधल्या ॲचंही तेच. प्रणालीने दोन्ही रूपं एक मानावीत, हे काम करून घेतलंच पाहिजे. युनिकोड येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये ज्यांच्या नोंदी अडकल्या आहेत त्यांनी त्या आधी सोडवून घ्याव्यात.

खर्चाचा प्रश्न येईल. मी मागते ते पैशापेक्षा माणसांचे तास. नऊ ग्रंथालयांनी आपला एकेक तालिकाकार आठवड्यातून एक दुपार दिला, आणि ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम दिलं, तर दोन वर्षांत दोन हजार शीर्षकं पक्की होतील असा माझा हिशेब आहे. सगळं ज्ञान झाकायची घाई नको. शेती, आरोग्य, कायदा, लोकसाहित्य, स्थानिक इतिहास आणि शालेय-स्पर्धा परीक्षांचे विषय आधी घ्या, वाचक तिथे सर्वांत जास्त अडतो. यादी कुणाच्याही मालकीची नसावी. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालचं आडगावचं ‘ड’ वर्गाचं वाचनालय असलं, तरी त्याने ती फुकट उतरवून घ्यावी, आणि ‘आमच्याकडे याला असं म्हणतात’ एवढं कळवण्याची सोय त्यात असावी. खानदेशातून, वऱ्हाडातून येणारे शब्द पुण्याच्या शब्दाखाली ‘पाहा’ म्हणून येतील, आणि कधी पुण्याचाच शब्द त्यांच्याखाली जाईल. त्याचीही तयारी ठेवा.

माझ्याकडे पाच वह्या आहेत. वाचकाने खिडकीवर ज्या शब्दांत पुस्तक मागितलं तो शब्द, आणि शेवटी दिलेल्या पुस्तकाचा वर्गांक, असं मी १९९९ पासून लिहीत आले. ‘मुलगी वयात येते त्याचं’, ‘सातबारा कसा वाचायचा त्याचं’, ‘आजी म्हणायची त्या ओव्यांचं’. या वह्या मी देऊ केल्या आहेत असं समजा. बैठक कुठल्याही ग्रंथालयात ठेवा, मी त्या घेऊन येईन, अक्षर लागत नसेल तिथे वाचून दाखवीन. पहिल्या दिवशी फक्त ‘दुष्काळ’ हा एक शब्द घेऊ आणि नऊही ठिकाणी त्याखाली काय काय निघतं ते टेबलावर मांडू.

तुमच्याकडून कोण येणार, त्यांची नावं ठरवून कळवावीत.

आपली नम्र,
एक निवृत्त तालिकाकार, पुणे